‘फुकट अन्नाने माणूस आळशी होतो’ : एका वाक्याची दोनशे वर्षांची वंशावळ

१/ दुष्काळ पडला, शिधापत्रिकेचा विषय निघाला किंवा एखाद्या योजनेचा खर्च जाहीर झाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : “फुकट अन्नाने माणूस आळशी होतो.” हे वाक्य शहाणपणाच्या स्वरात उच्चारले जाते, जणू ते म्हणींइतकेच जुने आहे. वस्तुतः या वाक्याला कर्ते आहेत, तारखा आहेत आणि परिणामही आहेत. त्याच्या प्रवासातील महत्त्वाचे मुक्काम वऱ्हाडाच्या मातीत, अकोला-अमरावतीच्या परिसरात आहेत. हा धागा त्या प्रवासाचा आहे. 🧵

२/ आरंभीच प्रतिपादन स्पष्ट असावे. उपाशी माणसाला अन्न देण्यापूर्वी त्याची ‘पात्रता’ तपासण्याची राज्यकर्त्यांची सवय ही नीतीतून जन्मलेली नाही. ती हिशेबातून जन्मलेली आहे. ज्या ज्या वेळी ही तपासणी सैल झाली त्या त्या वेळी माणसे वाचली, आणि जेव्हा ती आवळली गेली तेव्हा माणसे मेली. हे दाखवण्यास पुरेसा पुरावा उपलब्ध आहे आणि त्याचा मोठा भाग खुद्द राज्यकर्त्यांच्याच कागदपत्रांत आहे.

३/ प्रथम १६३०-३२ चा दख्खनचा दुष्काळ. तुकोबांची प्रथम पत्नी ज्या दुष्काळात गेली, तोच हा. शाहजहान तेव्हा निजामशाहीविरुद्धच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरास, म्हणजे मेळघाटाच्या पलीकडे तापीकाठी, मुक्कामाला होता. ‘बादशाहनामा’कार अब्दुल हमीद लाहोरी नोंदवतो की, बुऱ्हाणपुरात लंगर उघडले गेले आणि वीस आठवडे दर सोमवारी ५,००० रुपये वाटले गेले. म्हणजे एकूण एक लाख.

४/ यावरून बादशहाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने त्याच काळात वंजाऱ्यांचे प्रचंड तांडे धान्य घेऊन बादशाही छावणीकडे जाताना पाहिले. रस्त्याच्या कडेला प्रेते आणि रस्त्यावरून लष्करासाठी गहू, असे ते दृश्य होते. युद्धाने पळवलेल्या अन्नापुढे लंगराची भाकरी थोडीच होती. तरीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लंगराच्या दारात “आधी काम कर” अशी अट घातल्याचा उल्लेख त्या वृत्तांतात नाही.

५/ आता १८०३. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात अडगाव हे गाव आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेथे आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड पडला. १७ डिसेंबरला भोसल्यांशी देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा. महिनाभरात एका प्रांताचे भवितव्य ठरले. शालेय पुस्तक येथे थांबते.

६/ पुस्तकाच्या पुढचे पान उपासमारीचे आहे. पाऊस कमी झाला होता. त्यापूर्वीची दोन वर्षे होळकर, शिंदे, पेंढारी आणि कंपनी यांच्या फौजा दख्खन तुडवीत होत्या. फौज म्हणजे केवळ सैनिक नव्हेत. घोडे, बैल आणि बाजारबुणगे हे सारे ज्या शिवारातून जात, तेथील कडबासुद्धा शिल्लक राहत नसे. १८०३-०४ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. लढाईतील मृतांची मोजदाद झाली. लढाईमागून आलेल्या भुकेने किती नेले, त्यांची तशी मोजदाद झाली नाही.

७/ अडगावचा विजेता वेलस्ली १८०४ साली या भुकेसमोर उभा राहिला आणि मुंबई सरकारला त्याने आपले मत कळवले. त्याचा आशय असा : फुकट धान्यवाटप ही सदोष पद्धत आहे, तिचा सर्वत्र गैरवापर होतो, आणि हिंदुस्थानात तर विशेषच, मुंबईत ती सुरू केल्यास आसपासचे उपाशी लोक तेथे लोटतील, म्हणून धडधाकटांना काम द्यावे आणि मजुरी द्यावी. अहमदनगरास त्याने तशी कामे काढलीही.

८/ वेलस्लीवर अन्याय नको. शहरात गर्दी लोटली की रोगराई येते, हे त्याचे म्हणणे खोटे नव्हते. काम काढणे हे काहीच न करण्यापेक्षा निःसंशय चांगले होते. आक्षेप अन्यत्र आहे. ‘गैरवापर विशेषतः हिंदुस्थानातच होतो’ हे गृहीतक त्या युक्तिवादात अलगद शिरले आणि पुढे शतकभर निघालेच नाही. ज्या शेतकऱ्याचे पीक फौजांनी खाल्ले, त्याच्याच प्रामाणिकपणाची परीक्षा त्या फौजेचा सेनापती घेऊ लागला.

९/ १८५३ मध्ये निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात आले. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर सर्वांची नजर वळली. लोहमार्ग अकोल्यावरून आणि बडनेऱ्यावरून नागपूरकडे गेला. कापसाच्या देखरेखीसाठी रिव्हेट-कारनॅक हा खास आयुक्त नेमला गेला. १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावच्या कापूस बाजारात आला.

१०/ या समृद्धीने काही घरांवर माड्या चढल्या, हे खरेच. पण तिने पेव रिकामे केले. पेव म्हणजे जमिनीखाली धान्य साठवण्याचा खड्डा. सुकाळातील ज्वारी त्यात उतरत असे आणि अवर्षणाच्या वर्षी बाहेर निघत असे. सारा रोख आणि ठरलेल्या तारखेला भरायचा, त्यासाठी कापूस विकायचा, बियाण्यासाठी सावकाराकडे जायचे आणि खायची ज्वारी बाजारातून आणायची, ही नवी घडी बसली. तिच्यात सर्वांत उघडा पडला तो भूमिहीन मजूर. त्याच्याकडे कापूसही नव्हता आणि पेवही नव्हते.

११/ येथे थोडे वऱ्हाडाबाहेर जावे लागेल, कारण या वादातील सर्वांत निर्णायक पुरावा एकाच अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत सापडतो. त्याचे नाव सर रिचर्ड टेंपल. १८७३-७४ मध्ये बंगाल-बिहारात पीक बुडाले. सरकारने ब्रह्मदेशातून लाखो टन तांदूळ आणवला, मदत सढळ हाताने दिली, आणि उपासमारीने मृत्यू अगदीच थोडे झाले.  या यशानंतरही टेंपलवर उधळपट्टीचा ठपका आला.

१२/ १८७७ मध्ये तोच टेंपल मद्रास व मुंबई इलाख्यांतील दुष्काळाची पाहणी करण्यास निघाला. या वेळी त्याने धडा घेतला होता : खर्च वाचवायचा. दुष्काळी कामावरील मजुराला रोज एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्याइतकीच मजुरी द्यावी, अशी शिफारस त्याने केली. हीच कुप्रसिद्ध ‘टेंपल मजुरी’. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्या अन्नावर खडी फोडणारा माणूस जगणार नाही, असे बजावले. त्या दुष्काळात दक्षिण भारतात लक्षावधी माणसे मेली.

१३/ दोन्ही प्रसंग पूर्णतः सारखे नव्हते. १८७६-७८ चा दुष्काळ अधिक विस्तृत व अधिक लांब होता. पण तुलनेतून निघणारी गोष्ट नाकारता येत नाही. सढळ मदतीने बिहार आळशी झाला, असा पुरावा कोणी दिला नाही. काटकसरीच्या मदतीने मद्रास उद्यमशील झाल्याचा पुरावाही कोणी दिला नाही. अधिकारी एक, वाक्य एक. पहिल्या वेळी ते वाक्य बाजूला ठेवले गेले, दुसऱ्या वेळी त्यानुसार वागले गेले.

१४/ यानंतर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील १८८० च्या दुष्काळ आयोगाने महत्त्वाची कबुली दिली : हिंदुस्थानातील दुष्काळात अन्नाचा सर्वथा अभाव नसतो, लोकांचा रोजगार बुडतो आणि अन्न विकत घेण्याचे साधन संपते. या अहवालातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. प्रजेला जगवणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. पण कर्तव्याच्या दारात पहारेकरी उभे राहिले : कष्टाच्या कामाची कसोटी, घरापासून दूर जाण्याची कसोटी, छावणीत राहण्याची कसोटी. खरोखर भुकेला कोण, हे त्याच्या थकलेल्या शरीरानेच सिद्ध करायचे.

१५/ १८९६-९७ च्या दुष्काळात या संहितेचा लोकांच्या बाजूने उपयोग करण्याचे काम लोकमान्य टिळक, ‘केसरी’ आणि पुणे सार्वजनिक सभा यांनी केले. सरकारच्याच नियमाप्रमाणे मदत व साऱ्याची सूट मिळणे हा रयतेचा हक्क आहे, हे त्यांनी गावोगाव समजावले. परिणामी सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. लोकांनी दया मागितली तर चालते. स्वतःच तयार केलेला नियम लोकांनी वाचून दाखवला की मात्र सरकार रागावते.

१६/ त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १८९७ मध्ये, काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले. अध्यक्ष चेत्तूर शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात होते. दुष्काळ आणि प्लेग यांनी देश पोळला होता. आणि वऱ्हाडावरील मोठे संकट अजून यायचे होते.

१७/ १८९९ मध्ये पावसाने पाठ फिरवली. हाच तो संवत १९५६ चा ‘छप्पनिया’. आकडे पाहावेत. वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ मध्ये २८,९७,४९१ होती. १९०१ मध्ये ती २७,५४,०१६ झाली. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ १ लाख ४३ हजारांची घट. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे सावध राहावे. ही घट म्हणजे मृतांची संख्या नव्हे. तिच्यात दोन दुष्काळ, साथी, न झालेले जन्म, गाव सोडून गेलेले आणि बाहेरून आलेले, असे सारे मिसळलेले आहे. पण ज्या प्रांताला सरकार कापसाचे वैभव मानत होते, तो प्रांत दशकभरात आकसला, एवढे या आकड्यांतून निर्विवाद सिद्ध होते.

१८/ त्या दुष्काळात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनने जे सांगितले, त्याचा आशय असा : दानशूरपणाच्या नावाखाली तिजोरी धोक्यात घालणारे सरकार टीकेस पात्र ठरेल, पण सरसकट मदत देऊन लोकांचा स्वावलंबीपणा खिळखिळा करणारे सरकार सार्वजनिक गुन्ह्याचे धनी होईल. क्रम पाहावा. पैसे उधळणे ही चूक, आणि सरसकट अन्न देणे हा गुन्हा. लोक उपाशी मरणे या वर्गवारीत कोठे बसते, त्याचा उल्लेख नाही.

१९/ याच काळात ब्रिटन दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध लढत होते. लंडनच्या मॅन्शन हाउस निधीत १८९७ साली हिंदुस्थानासाठी जेवढी रक्कम जमली, तेवढी १९०० मध्ये जमली नाही. वर्गण्या युद्धाकडे वळल्या होत्या. युद्धाच्या खर्चाने साम्राज्य ‘आळशी’ होते काय, हा प्रश्न कर्झनने विचारल्याचे दिसत नाही.

२०/ “पण रेल्वेने धान्य आणले ना?” हा नेहमीचा प्रतिप्रश्न. उत्तर : होय, आणले. रेल्वे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याकडे धान्य नेते. काम बुडालेल्या मजुराच्या हाती पैसा नव्हता, म्हणून तीच रेल्वे त्याच्या गावातून मालही बाहेर नेत होती. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातील कापूस आणि दुष्काळ यांवरील आपल्या १९९७ च्या ग्रंथात हा संबंध तपशिलाने मांडला आहे : दुष्काळातही वऱ्हाडातून कापूस आणि धान्य बाहेर जात राहिले. रूळ निर्दोष आहेत. प्रश्न गाडी कोणासाठी धावते, हा आहे.

२१/ अन्न देणारे हातही त्या काळी होते. १९०० मध्ये अमेरिकेतील लोकांच्या देणगीतून दोन लाख बुशेल मका घेऊन ‘क्विटो’ हे जहाज न्यूयॉर्कहून मुंबईस आले. जर्मन कैसरने बर्लिनमधून पाच लाख मार्क पाठवले. त्याआधी, १८९७ मध्ये, पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे विधवा व मुलींना त्यांनी केडगावला आणले. या प्रत्येक मदतीमागे हेतू शोधता येतात : धर्मप्रसार, मुत्सद्देगिरी, प्रतिष्ठा. हेतूंची चर्चा अवश्य व्हावी. पण ती करताना त्या मुली तेव्हा कोणाच्या दारात उभ्या होत्या आणि कोणी दार उघडले नव्हते, हेही सांगावे.

२२/ आता वऱ्हाडचेच एक नाव. गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. गाव शेंडगाव, तालुका अंजनगाव सुर्जी. म्हणजे ज्या गावाच्या नावाने १८०३ चा तह ओळखला जातो, त्याच्याच परिसरातील. बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास मामाच्या घरी गेले. मामाची जमीन सावकारी व्यवहारात गेली, ते या मुलाने डोळ्यांनी पाहिले. १९०५ मध्ये घर सोडले, आणि पुढे धर्मशाळा, सदावर्ते, ऋणमोचनच्या यात्रेतील अन्नदान हे सारे उभे राहिले.

२३/ गाडगेबाबांचा दाखला ‘फुकट नको’ म्हणणारेही देतात. “बाबा आधी गाव झाडत आणि मगच भाकरी घेत.” खरे आहे. पण ही अट त्यांनी कोणाला घातली? स्वतःला. आंधळ्या-पांगळ्यांच्या पंगतीत त्यांनी कोणाच्या हाती आधी खराटा दिला नाही. भुकेल्याला अन्न हा त्यांच्या संदेशातील आरंभीचाच धडा आहे, आणि त्याला पोटकलम नाही. स्वतःसाठी घेतलेले व्रत दुसऱ्यावर कसोटी म्हणून लादणे, हा बाबांचा मार्ग नव्हता. तो टेंपलचा होता.

२४/ स्वातंत्र्यानंतर या वाक्याला खरे उत्तर महाराष्ट्रानेच दिले. १९७२ चा दुष्काळ. मिलो आणि सुकडीच्या आठवणी आजही घराघरांत आहेत. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. खर्चासाठी शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसला.

२५/ वरवर पाहता रोहयो म्हणजे वेलस्लीचेच ‘काम द्या, मजुरी द्या’. पण दिशा उलटली होती. वेलस्लीच्या व्यवस्थेत सरकार माणसाची परीक्षा घेत असे. रोजगार हमीत माणूस काम मागतो आणि ते देता येते की नाही, ही परीक्षा सरकारची असते. खडी तीच, घण तोच. मात्र कायद्याने बांधलेला पक्ष बदलला. अंमलबजावणीत भ्रष्टाचार झाला, मजुरी रखडली, हे सर्व मान्य. गळकी बादली दुरुस्त करतात. आग लागली असताना ती फेकून देत नाहीत.

२६/ आणि जे काम मागूच शकत नाहीत त्यांचे काय? १९९३ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या बालमृत्यूंनी हा प्रश्न देशापुढे ठेवला. धारणी, चिखलदऱ्याच्या कोरकू पाड्यांतील लेकरे कुपोषणाने जात होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. दोन वर्षांच्या बालकाला कष्टाची कसोटी लावता येत नाही, आणि त्याला आळशीही म्हणता येत नाही. गाविलगडाच्या पायथ्याचा हा प्रदेश. किल्ल्याचे छायाचित्र टाकणाऱ्याने त्या पाड्यांकडेही पाहावे.

२७/ अगदी अलीकडचे. २०१५ पासून मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना माणशी ५ किलो धान्य गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो दराने मिळत होते. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात देण्याचा निर्णय झाला. म्हणजे किलोमागे ३० रुपये. पुढे रक्कम थोडी वाढलीही. पण भाव चढला की धान्याचे वजन कमी होत नाही, पैशाचे होते. १८८० च्या आयोगाला उमगलेला नियम येथे उलटा लागू होतो : बाजारात अन्न असते, खिशात ते घेण्याची ताकद उरत नाही.

२८/ रोखीच्या बाजूनेही युक्तिवाद आहेत : दुकानदाराची काटामारी टळते, निवडीचे स्वातंत्र्य मिळते. ते ऐकावेत आणि आकड्यांनी तपासावेत. मात्र चर्चा “यांना सवय लागेल” या वाक्याने सुरू झाली, तर ती चर्चा नसते. ती १८०४, १८७७ आणि १९०० चे पुनर्मुद्रण असते.

२९/ म्हणून हे वाक्य पुन्हा ऐकू आल्यावर तीन प्रश्न विचारावेत. बोलणाऱ्याच्या ताब्यात धान्य आहे की तो रांगेत उभा आहे? वाचवलेला पैसा कोठे जाणार आहे? आणि मदत मिळाल्याने माणसे बिघडल्याचा एक तरी नोंदलेला दुष्काळ तो दाखवू शकतो काय? मदत न मिळाल्याने माणसे मेल्याच्या नोंदींनी दप्तरे भरलेली आहेत.

३०/ अकोला-अमरावतीच्या वाचकांसाठी शेवटी एक काम. आपल्या गावाजवळचा एखादा जुना तलाव, बंधारा किंवा रस्ता ‘दुष्काळात झालेला’ म्हणून ओळखला जातो काय, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. कोणत्या सालचा, मजुरी काय होती, पेव कोठे होते, कोणाच्या घरातून कोण गेले, हे लिहून ठेवावे आणि या धाग्याखाली जोडावे. दप्तरांत वेलस्ली, टेंपल आणि कर्झन यांची बाजू सुरक्षित आहे. खडी फोडणाऱ्यांची बाजू अजून आजी-आजोबांकडेच आहे. (धागा समाप्त)